टक् ते टुंग

गॅसचा लायटर गॅस पेटवण्यासाठी असतो, हा गैरसमज आहे. नव्वदच्या दशकात भिलाईतल्या आमच्या क्वार्टरात तो रेडिओतल्या बाईला गप्प करायच्या कामी यायचा.

पुढच्या खोलीत आई आणि तिचा रेडिओ, मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे आमच्या सौभाग्यवती आणि त्यांचा लायटर. आईचं सगळं आयुष्य नागपुरात गेलेलं. पोराच्या नोकरीपायी भिलाईला यावं लागलं तेव्हा पापड-कुरडयांच्या डब्यांबरोबर तिने आकाशवाणीचं नागपूर केंद्रही बांधून आणलं. ५८५ किलोहर्ट्झ. आईला किलोहर्ट्झशी कर्तव्य नव्हतं. तिने डायलच्या काचेवर टिकली चिकटवून ठेवली होती. काटा टिकलीखाली आला की नागपूर. रात्री काटा जरा सरकला तर मुंबईचं ५५८ लागायचं. आकडे तेच, फक्त जागा बदललेले. मग आई म्हणायची, "आज नागपूरची माणसं अशी शिष्टावानी काऊन बोलून राहिली रे?"

नागपूर ते भिलाई हे रेल्वेने अडीचशे किलोमीटरच्या वरचं अंतर. जंगलं, नद्या आणि राज्याची हद्द ओलांडून आलेली निवेदिका आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी मात्र हमखास गारद व्हायची. "आता ऐकू या एक भावगीत," ती म्हणायची, "गायिका आहेत –" टक्. टक्. टक्टक्. टक्. "– आणि संगीतही त्यांचंच." गायिका कोण, हे आईला कधीच कळलं नाही. बाजारभावात संत्र्यांचा भाव नेमका टक् मध्ये जायचा. हवामानात "विदर्भात तुरळक ठिकाणी" एवढं ऐकू यायचं. तुरळक ठिकाणी काय, ते लायटरला ठाऊक. पावसाळ्यात लायटर सर्दावला की एका चहाला अख्खं प्रादेशिक बातमीपत्र खर्ची पडायचं.

"सूनबाई, बातम्या संपल्यावर पेटव ना गॅस."

"आई, बातम्या संपेस्तोवर ह्यांची फर्स्ट शिफ्ट सुटेल."

"मग काडी लाव."

"काड्याही सर्दच आहेत."

एवढं झालं की दोघी एकमेकींकडे न बघता माझ्याकडे बघायच्या. कारण मी पोलाद कारखान्यातला इन्स्ट्रुमेंटेशनवाला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून या गावात प्रत्येक अडचणीला एक डिपार्टमेंट असतं. नळ गळतोय? टाऊनशिपवाल्यांना सांगा. रेडिओत टक्टक् होतंय? इन्स्ट्रुमेंटवाला तर घरातच बसून पोहे खातोय.

रविवारी मी लायटर उघडला. वस्तू उघडणं ही इन्स्ट्रुमेंटवाल्याची हौस, आणि ती परत बंद न होणं हे त्याच्या बायकोचं नशीब. आत एक स्प्रिंग, एक चिमुकला हातोडा आणि बोटाच्या पेराहून लहान असा पांढुरका खडा. दट्ट्या दाबला की स्प्रिंग आवळत जाते, एका क्षणी खट्कन सुटते, हातोडा खड्यावर बसतो आणि खड्याच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्ट उभे राहतात. टोकाशी ठिणगी पडते. एवढंच. पण ही ठिणगी नॅनोसेकंदांच्या हिशेबात चढते, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. इतकी उभी चढण असली की तिच्यात सगळ्याच फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या येतात: नागपूरची येते, मुंबईची येते, शेजारच्या टीव्हीचीही येते. कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही, असा भेदभाव ठिणगी करत नाही. ती सगळ्यांच्याच घरी जाऊन येते.

मी सुपेल्याच्या बाजारात एका रेडिओच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मान वर न करता निदान केलं, "भैया, १०४ का पीएफ ठोक दो, सब शांत." १०४ म्हणजे तो मसुराच्या डाळीहून थोडा मोठा, पिवळसर कपॅसिटर. दुकानदाराचा सल्ला जसाच्या तसा मानायचा तर डिग्री कशाला काढली? मी कागद घेतला आणि फिल्टर डिझाइन करायला बसलो.

माझा तर्क बिनतोड होता. ठिणगीत सगळ्या फ्रिक्वेन्सी, निवेदिकेत मोजक्या. निवेदिकेपुरता पट्टा मोकळा ठेवायचा आणि बाकी सगळं कापून टाकायचं. जितका पट्टा अरुंद, तितकी ठिणगी कमी. कॉइल गुंडाळल्या, कपॅसिटर निवडून घेतले, झाळकामाच्या धुराने घरभर खोकला लावला आणि फिल्टर बसवला. आई, सौभाग्यवती आणि मी श्वास रोखून बसलो. लायटर दाबला.

टुंग.

टक् नाही, टुंग. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा दाबला. टुंग. मी म्हटलं, पट्टा अजून अरुंद करायला हवा. केला. टुंऽऽग. आणखी केला. आता प्रत्येक ठिणगीला देवळात आल्याचा भास होऊ लागला. शेजारच्या भाभी घंटा ऐकून आपलं दार उघडून बघायच्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "भैया, आपके यहाँ नई डोअरबेल लगी है क्या?"

इकडे निवेदिकेची स्थिती बिकट झाली होती. स, श, फ या अक्षरांचा जीव वरच्या फ्रिक्वेन्सींत असतो आणि त्या मी कापल्या होत्या. 'शेतकरी बंधूंसाठी' चं 'एतकरी बंधूंआठी' झालं. आई म्हणाली, "बाप्पा, बाईले दात पडले का रे?" सौभाग्यवतींनी भिंतीपलीकडून विचारलं, "अहो, टक् परत आणता येईल का?"

पुस्तकं काढली. त्यांत सगळं होतं. फक्त माझ्या आईचा उल्लेख नव्हता. फिल्टर जितका अरुंद, तितका तो घणघणतो जास्त वेळ. ढोबळ हिशेब असा की घणघण टिकते साधारण एक भागिले पट्ट्याची रुंदी, इतके सेकंद. समजा ठिणगी १०० नॅनोसेकंदांची आहे. मोर्स ऐकणारे हौशी लोक ५०० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर लावतात; त्यातून ही ठिणगी २ मिलिसेकंद लांब होऊन बाहेर पडते, म्हणजे वीस हजारपट. चोखंदळपणा आणखी वाढवून १०० हर्ट्झवर आणलात तर १० मिलिसेकंद. लाखपट! उंची कमी होते हे खरं, पण लांबी वाढते. ठिणगी येऊन गेली, विझली, चहा उकळला, तरी फिल्टर आपला तिच्याच आठवणीत.

आणि त्याहून गमतीचं पुढे होतं. ठिणगी फिल्टरच्या मानाने फारच आखूड असली, तर ती चौकोनी होती की त्रिकोणी, सरळ चढली की वाकडी, याचा बाहेर काही पत्ता लागत नाही. फिल्टर फक्त तिचं क्षेत्रफळ पाहतो, म्हणजे ढोबळ मानाने उंची गुणिले रुंदी. बाहेर येणारा आकार असतो फिल्टरचा स्वतःचा. म्हणजे टुंग ऐकून आपण म्हणतो, 'काय मेला लायटर!' आणि लायटरबद्दल त्या टुंगमध्ये एक अक्षर नसतं. ते सगळं फिल्टरचं आत्मचरित्र असतं.

इथे मी पुस्तक मिटलं, कारण मला आमचं मराठी मंडळ दिसू लागलं.

गणेशोत्सवाच्या पूर्वतयारीची सभा होती. कुणीतरी, अगदी सहज, पान लावता लावता म्हणालं, "मागल्या वर्षी मोदकांत सारण जरा कमीच होतं, नाही?" वाक्य दोन सेकंदांचं. चढण उभी, उतरण उभी. मोदक ज्यांनी केले होते त्या वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या घणघणू लागल्या. गणपतीत घणघणल्या, नवरात्रात घणघणल्या, कोजागिरीला मसाल्याच्या दुधात साखर घालताना "कमी तर नाही ना पडत?" असं सगळ्यांना विचारून घणघणल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ देताना म्हणाल्या, "घ्या, यात सारण नसतंच." सभेत तसं बोलणारा माणूस तोवर बदली होऊन राउरकेल्याला गेला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमचं मंडळ म्हणजे फिल्टरांचं कपाट आहे. कोणत्या खणात कोण, एवढंच पाहायचं.

खजिनदारकाका हे साधे लो-पास, म्हणजे संथ तेवढंच आत घेणारे. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, बाकी मामला स्वच्छ. अशा फिल्टरला एक टाइम कॉन्स्टंट असतो. तेवढ्या वेळात तो ६३ टक्के उठतो आणि पाचपट वेळ दिलात तर ९९ च्या वर जातो. काकांचा टाइम कॉन्स्टंट साधारण एका सणाचा. श्रावणात सांगितलेल्या विनोदाला ते पितृपक्षात हसू लागतात आणि दसऱ्याला सोनं देताना पूर्ण हसतात. त्यांना कुणी काही टोचून बोललं तर त्यांच्यापर्यंत ते पोचायच्या आत बोलणाऱ्याने माफी मागून झालेली असते. दोन्ही मिळून क्षेत्रफळ शून्य. काकांचं कुणाशीही भांडण नाही.

सेक्रेटरी हाय-पास. जे आहे ते त्यांना दिसत नाही. जे बदललं तेवढंच दिसतं. सभागृहाचं छत कित्येक पावसाळे गळतंय, तिथे बादलीही कायमची ठेवलेली आहे, पण सेक्रेटरींना त्याची खबर नाही. एकदा कुणीतरी ती बादली हातभर डावीकडे सरकवली. सेक्रेटरी ताडकन उठले. "हे कुणाच्या परवानगीने?"

थोर फिल्टरांची घराणीही आमच्यात आहेत. बटरवर्थ नावाच्या इंग्रजाने १९३० मध्ये आपला फिल्टर मांडला. त्याचा बाणा असा की पट्ट्यातल्या सगळ्यांना सारखं वागवायचं, कुणाला उंच नाही, कुणाला खाली नाही. आमचे अध्यक्ष याच घराण्यातले. पण एकदम धक्का दिलात तर चौथ्या पायरीचा बटरवर्थ मूळ पातळीच्या सुमारे ११ टक्के वर उसळी घेतो, मग खाली येतो, मग पुन्हा जरा वर. अध्यक्षांना कुणी "खुर्च्या कमी पडल्या" म्हटलं की ते आधी राजीनामा देतात, मग मागे घेतात, मग अर्धा देतात आणि शेवटी खुर्च्या मागवतात. खुर्च्या येतात, पण वेळ लागतो.

चेबिशेव्ह हे रशियन गणिती. भिलाईला रशियाचं नातं नवं नाही. कारखानाच १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. चेबिशेव्ह मात्र त्याच्या शंभर वर्षं आधी वाफेच्या इंजिनाच्या दांड्या सरळ कशा चालवाव्यात या चिंतेत होते, आणि त्या चिंतेतून जे गणित निघालं त्यावर पुढे दुसऱ्यांनी फिल्टर बांधला. या फिल्टरची धार विलक्षण. तेवढ्याच भागांत बटरवर्थपेक्षा कितीतरी उभा काप. किंमत दोन प्रकारे वसूल होते: पट्ट्याच्या आतही लाटा, आणि धक्का बसला की लांबच लांब घणघण. मोदकवाल्या वहिनी याच घराण्यातल्या. त्यांना मंडळातली बारा माणसं चालतात, तेरावं चालत नाही. आणि त्या बारांमध्येही वर-खाली आहेच.

याच्याही पुढे जाऊन एक आदर्श फिल्टर असतो. इथपर्यंत सगळं आत, त्यापुढचं सगळं बाहेर, मधे सुईच्या अग्राएवढीही उतरण नाही. गणित सांगतं की असा फिल्टर पल्स, म्हणजे ठिणगीसारखा क्षणाचा धक्का, येण्याच्या आधीपासूनच घणघणायला लागतो. धक्का नंतर, रुसवा आधी! म्हणून तो बनवता येत नाही, असं पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने आमच्या सांस्कृतिक समितीच्या प्रमुख काकूंना पाहिलेलं नाही. मी नुसता उठून उभा राहिलो तर काकू म्हणतात, "तुम्ही काय बोलणार आहात ते मला माहीत आहे, आणि मला ते लागलेलं आहे."

बेसेल हे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १८३८ मध्ये एका ताऱ्याचं अंतर मोजून दाखवलं आणि १८४६ मध्ये ते गेले. त्यांच्या गणितावरून थॉमसन यांनी फिल्टर मांडला तो १९४९ मध्ये. नाव मात्र बेसेलचं चाललं. त्याची धार अगदी बोथट. नको ती माणसंही थोडीफार आत येतात. पण याला पल्स द्या: जरा उशिराने, पण बऱ्याच अंशी जशीच्या तशी बाहेर येते. उसळी एका टक्क्याच्याही आत, घणघण जवळजवळ नाहीच. आमच्यात असे एकच आजोबा आहेत. त्यांना कुणी म्हटलं, "आजोबा, तुमची आरती बेसूर होती," तर क्षणभर थांबून म्हणतात, "हो, बेसूर होती." संपलं. त्यांना मंडळाने आजवर कुठलंही पद दिलेलं नाही. धार नाही म्हणतात.

अर्थात मीही त्याच कपाटात आहे. माझी जागा कळायला शेजारच्या भाभींचा मिक्सर कारणीभूत झाला. मिक्सरच्या ब्रशांची ठिणगठिणग विजेच्या तारांतून थेट आमच्या रेडिओच्या एलिमिनेटरमध्ये यायची. तिच्या बंदोबस्ताला मी हजार मायक्रोफॅरडचा भरदार कपॅसिटर आणला, अंगठ्याएवढा जाड, दोन लांब पायांवर रुबाबात उभा केला. मिक्सर सुरू झाला. रेडिओ खरखरला. कपॅसिटर नुसता उभा. झालं असं की तारेच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. दोन-दोन सेंटिमीटरचे दोन पाय म्हणजे ४० नॅनोहेन्री. एका नॅनोसेकंदात चढणाऱ्या कडेला तेवढ्यानेच ऐंशीएक ओहमची आडकाठी होते. पल्सने कपॅसिटरच्या पायांकडे पाहिलं आणि ती सरळ रेडिओत गेली. संथ कामाला हा गडी उत्तम, चपळ कामाला निरुपयोगी. तो कपॅसिटर असल्याचं त्या क्षणी त्याच्या स्वतःच्याही लक्षात नसतं. शेवटी दुकानदाराचा पिवळा १०४ च पाय कापून अगदी टेकवून लावला, तेव्हा मिक्सर बराचसा शांत झाला.

"ह्यांचंही असंच आहे," सौभाग्यवती आईला सांगत होत्या. "पाहुणे येणार हे महिनाभर आधी सांगितलं तर चादरी, गाद्या, स्टेशनवर न्यायला रिक्षा, सगळं चोख. आणि दूध उतू जायला लागलं की नुसते उभे."

लायटरवर मात्र १०४ चालेना, कारण ती ठिणगी तारेतून येतच नव्हती, हवेतून येत होती. तिचा उतारा १९३६ मध्येच जेम्स लॅम्ब या अमेरिकन रेडिओवाल्याने लिहून ठेवला होता, आणि तो फिल्टरचा नव्हताच. पल्स अरुंद फिल्टरमध्ये शिरली की फुगते. मग ती आणि बोलणं वेगळं करणं अशक्य. तेव्हा तिला फिल्टरच्या अलीकडेच पकडायची, ती अजून सडपातळ असताना. दिसली रे दिसली की तेवढ्या क्षणापुरता रेडिओच मुका करायचा. शांतता इतकी इवलीशी की कानाला कळतही नाही. फिल्टरला धक्काच पोचत नाही, तर तो घणघणणार कशाला?

मी ते सर्किट जोडलं आणि निवेदिकेला तिची सगळी अक्षरं परत केली. आई पहिल्यांदा गायिकेचं नाव नीट ऐकू शकली. ऐकून म्हणाली, "ही होय! हिचं तर मले आवडतच नाही."

मंडळात हे सर्किट कुणी जोडलेलं नव्हतं. ते उपजतच होतं. चहाची व्यवस्था पाहणाऱ्या एक मावशी आहेत. सभेत बोलत नाहीत, दाराशी उभ्या असतात. पण त्यांचं बोलणाऱ्याच्या ओठांकडे लक्ष असतं. कुणी "खरं सांगायचं तर" एवढं म्हटलं की मावशी खणखणीत आवाजात विचारतात, "बिनसाखरेचा कुणाकुणाला?" तेवढ्यात सगळ्यांचे हात वर, माना मावशींकडे, आणि खरं सांगायचं ते कुणाच्याही फिल्टरपर्यंत न पोचता जागीच विझतं. मोदकांच्या सभेला मावशी लग्नासाठी बालाघाटला गेल्या होत्या, हे मी नंतर पडताळून पाहिलं.

एवढं ज्ञान एकट्याने बाळगणं बरं नव्हे. पुढच्या सभेत मी अध्यक्षांची परवानगी घेऊन उभा राहिलो. समितीच्या काकू आधीच दुखावल्या होत्या, तिकडे दुर्लक्ष केलं. खिशातून आलेख काढले. म्हटलं, "मंडळी, आपल्या मंडळात भांडणं का होतात, याचं शास्त्रीय कारण मला सापडलं आहे. खरं सांगायचं तर, आपल्यातले काही जण जरा जास्तच अरुंद –"

"बिनसाखरेचा कुणाकुणाला?" दारातून आवाज आला.

त्या सभेच्या इतिवृत्तात माझ्या भाषणाची नोंद नाही. 'बिनसाखरेचे चहा: ११' अशी आहे.